हेड न उघडता सापडलेली कूलंटची गळती

सोलापुरात लिक्विड-कूल्ड डर्ट बाइक सांभाळणारे फार थोडे आहेत. बुलेट, स्प्लेंडर, पल्सरला हात घालणारे उत्तम मिस्त्री गल्लोगल्ली सापडतात, पण दोन रेडिएटरवाली, बिनपंख्याची गाडी समोर आली की तेही जरा थांबतात. आमच्या गाडीला २०२५ च्या मार्चमध्ये कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, गळती लागली तेव्हा कोणाला विचारावं हेच कळेना. मराठीत सलग लिहिलेलं काही सापडलं नाही, म्हणून काय काय केलं, किती दिवस लागले, किती पैसे गेले ते सगळं इथे क्रमाने लिहिते.

गाडी २५० सीसीची, फोर-स्ट्रोक, २०१५ च्या आसपासची, वापरलेली घेतलेली. चालवतो मुख्यतः धाकटा भाऊ, रविवारी थोडी मीही. देखभाल माझ्याकडे. गाडी स्पर्धेसाठी बनलेली, त्यामुळे तिला दिवे नाहीत, आरसे नाहीत, आरटीओची नोंदणी नाही. रस्त्यावर चालवता येत नाही, कुठेही न्यायची तर छोटा हत्ती ठरवावा लागतो. आम्ही तुळजापूर रोडला, हिप्परग्याच्या तलावापलीकडे ओळखीच्यांचं माळरान आहे तिथे सराव करतो.

२३ मार्चला रविवारी सरावानंतर गाडी स्टँडवर लावली आणि इंजिनच्या उजव्या बाजूला, खाली, हिरवट ओल दिसली. धुळीत मिसळून तिचा चिखल झाला होता. गाडी पूर्ण गार झाल्यावर संध्याकाळी रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतल्या पट्ट्या उघड्या पडलेल्या. मोजून भरलं तेव्हा पाव लिटरच्या जवळपास कूलंट लागलं. कारमध्ये पाव लिटर कमी झालं तर लगेच आभाळ कोसळत नाही, पण आमच्या गाडीत सगळं मिळून लिटरभरच कूलंट असतं. त्यातला चौथा हिस्सा गेलेला, आणि बाहेर सोलापूरचं ऊन. पोटात गोळा आला. इंजिन तापून पिस्टन धरला तर खर्च गाडीच्या निम्म्या किमतीवर जातो हे ऐकून होते.

(झाकणाबद्दल एक सांगून ठेवते. गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळलं तर ते उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, पण १.१ बारच्या (बार हे दाबाचं माप) झाकणाने दाब धरला की १२५ च्या पुढे जातं. झाकण फिरवताक्षणी तो दाब सुटतो आणि सगळं तोंडावर येतं. रेडिएटरला हात लावून चटका बसत नाही ना, हे आधी बघायचं.)

त्या आठवड्यात घरच्या घरी जे बघता येईल ते बघितलं. पहिला प्रश्न असा होता की कूलंट गळतंय की उकळून बाहेर पडतंय. आमच्या गाडीला वेगळी टाकी नाही. जास्तीचं कूलंट झाकणाच्या मानेपासून निघणाऱ्या बारीक नळीतून थेट जमिनीवर पडतं. त्या नळीच्या टोकाला पाण्याची छोटी बाटली तारेने बांधली. गाडी आधी स्वच्छ धुतली, कॉम्प्रेसरने वाळवली, इंजिनखाली कोरा पांढरा कागद पसरला. मग अंगणात गाडी चालू करून गरम केली आणि बंद केली. पंखा नसल्यामुळे ही गाडी जागेवर उभी राहून भराभर तापते, त्यामुळे जास्त वेळ चालू ठेवायची नाही. बाटली कोरडी राहिली. कागदावर मात्र उजव्या बाजूला हिरवे ठिपके पडले.

म्हणजे उकळून जात नव्हतं. नळ्यांच्या क्लिपा तपासल्या, घट्ट होत्या. रेडिएटरच्या जाळीत कुठे पांढरी पापडी धरलेली दिसली नाही. कूलंट झिरपून वाळलं की तशी पापडी धरते. इंजिन ऑइलच्या काचेतून तेल तपकिरी, स्वच्छ दिसत होतं. कूलंट तेलात गेलं की तेल दुधाळ होतं, चहात साय मोडल्यासारखं. तसं काही नव्हतं. ही सगळी निरीक्षणं तारखेसकट वहीत लिहून ठेवली. पुढे प्रत्येक ठिकाणी ही वही उपयोगी पडली, कारण मिस्त्रींना "गळतंय" एवढंच सांगितलं तर ते अंदाजाने बोलतात आणि नेमकं सांगितलं तर नेमकं बघतात.

२९ मार्चला गाडी शहरातल्या एका गॅरेजमध्ये नेली. जाताना नाक्यावर हवालदारांनी अडवलं. नंबर नाही, कागद कुठे? विक्रीचं बिल आणि गाडी मुळात आयात झाली तेव्हाच्या कस्टमच्या कागदाची प्रत सोबत होती, ती दाखवली आणि गाडी चालवत नाही, लादून नेतोय हे समजावलं. पाच मिनिटांत सोडलं. नोंदणी नसलेली गाडी असेल तर या दोन कागदांच्या प्रती फोनमध्ये आणि प्लास्टिकच्या पिशवीत, दोन्हीकडे ठेवा.

गॅरेजमध्ये दहा मिनिटं बघून निदान झालं, "ताई, हेड गॅस्केट गेलंय." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि तो सिलिंडरवर बसतो तिथलं पातळ पॅकिंग म्हणजे हेड गॅस्केट. हेड उतरवणं, पृष्ठभाग घासून सपाट करणं, गॅस्केट, मजुरी धरून २८ हजारांचा अंदाज हातात मिळाला. तपासणीचे ३०० रुपये वेगळे. मी विचारलं की दाबाची चाचणी करता येईल का, झाकणाच्या जागी पंप लावून? त्यांच्याकडे या मापाचं साधन नव्हतं. हेड गॅस्केट गेलं तर त्याच्या खुणा असतात. थंड गाडी झाकण उघडं ठेवून चालू केली की रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, जास्तीच्या नळीतून कूलंट उसळतं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. आमच्याकडे यातलं एकही नव्हतं. त्यांचा अनुभव माझ्याहून मोठा, हे मान्य. पण २८ हजार खर्चून इंजिनचा वरचा भाग उघडायचा तर पुरावा हवा, आणि वहीतल्या नोंदी दुसरीकडेच बोट दाखवत होत्या. गाडी परत घरी आणली.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. पाडव्याला वडिलांनी त्यांच्या जुन्या मिस्त्रींना फोन लावला. पूर्व भागात अशोक चौकाच्या बाजूला त्यांचं चार दशकांचं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. आम्ही लहानपणापासून त्यांना अण्णाच म्हणतो. अण्णांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "वॉटर पंपाच्या खाली बारीक भोक आहे बघ अम्मा. तिथनं येतंय का?"

टॉर्च घेऊन जमिनीवर आडवी झाले. पंपाच्या कव्हरच्या मागे, खालच्या अंगाला, आगपेटीच्या काडीएवढं भोक होतं आणि त्याच्या काठावर हिरवा ओलावा. पण वरून ओघळून तिथे जमलेलं कूलंटही असू शकतं, तेव्हा एवढ्यावर पैज लावणं बरोबर नव्हतं. अण्णा म्हणाले, दाब दिल्याशिवाय खरं कळायचं नाही, हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या बाजूला ट्रकचे रेडिएटर करणारे चाचा आहेत, त्यांच्याकडे जा. पण ३१ मार्चला ईद होती. दुकान उघडलं ते ३ एप्रिलला.

हे भोक कशासाठी असतं ते इथे सांगते, कारण सगळं निदान त्यावरच उभं आहे. वॉटर पंपाचा शाफ्ट एका टोकाला इंजिनच्या गियरला जोडलेला असतो, तिथे तेल. दुसऱ्या टोकाला पंख्यासारखा इंपेलर, तिथे कूलंट. मधे दोन सील पाठीला पाठ लावून बसलेले असतात. एक कूलंट अडवतो, दुसरा तेल. या दोन सीलांच्या मधल्या रिकाम्या जागेतून हे भोक बाहेर निघतं. त्यामुळे भोकातून कूलंट आलं तर कूलंटकडचा सील गेला, तेल आलं तर तेलाकडचा गेला, आणि दोन्ही मिसळून आलं तर दोन्ही. कारखान्याने ते मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे सील गेल्यावर कूलंट आत तेलात न जाता बाहेर पडावं आणि चालवणाऱ्याला दिसावं.

हे सांगायचं कारण असं की त्या आठवड्यात भेटलेल्या दोघा-तिघांनी मला ते भोक एम-सीलने बुजवायचा सल्ला दिला. चांगल्या मनाने दिला, पण तसं अजिबात करू नका. बाहेरची वाट बंद झाली की कूलंट दुसरा सील ओलांडून थेट इंजिन ऑइलमध्ये जातं, मग क्रँकचे बेअरिंग आणि क्लच सगळंच पणाला लागतं. दुसरा सल्ला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरच्या रुंद नळ्यांत तो तात्पुरता चालूनही गेला असेल. डर्ट बाइकच्या रेडिएटरच्या नळ्या फारच अरुंद असतात, आणि आमची गळती तर रेडिएटरची नव्हतीच.

चाचांच्या दुकानात एवढ्याशा रेडिएटरची सगळ्यांनाच गंमत वाटली. ट्रकच्या रेडिएटरसाठी त्यांच्याकडे दाबाचा पंप होता, पण त्याचं तोंड मोठं. त्यांनी जुनं बारकं झाकण शोधलं, त्याला भोक पाडून ट्यूबचा व्हॉल्व्ह झाळला, रबर बदललं, आणि दाबाचं घड्याळ असलेला हातपंप जोडला. मी आमच्या झाकणावरचा १.१ हा आकडा दाखवून सांगितलं की त्यापुढे जायचं नाही. ते म्हणाले, "बेटी, एकलाच थांबू." रेडिएटर फोडायला दाब जास्त लागत नाही.

काटा एकवर आणून थांबलो. पहिली काही मिनिटं तो हलला नाही. मग अगदी सावकाश खाली सरकू लागला. चाचा, त्यांचा मुलगा, भाऊ आणि मी, चौघंही वाकून इंजिनखाली बघत होतो. पंपाखालच्या भोकाच्या काठावर हिरवा थेंब धरला, फुगला, लोंबला आणि कागदावर पडला. भोकाच्या वरचा सगळा भाग मी आधी फडक्याने कोरडा केला होता, तो कोरडाच होता. भावाने किक हळूहळू फिरवली तेव्हा शाफ्टही फिरला आणि थेंब भराभर येऊ लागले. दहा मिनिटांत काटा ०.८ वर आला होता.

मग गॅस्केटचीही शंका तिथेच मिटवली. स्पार्क प्लग काढला, पुन्हा दाब भरला आणि अर्धा तास तसंच ठेवलं. गॅस्केट फुटलेलं असतं तर कूलंट सिलिंडरमध्ये उतरलं असतं. टॉर्चने आत बघितलं, पिस्टनचा माथा कोरडा. किक मारली, प्लगच्या भोकातून वाफ नाही, फवारा नाही. चाचांनी या सगळ्याचे २०० रुपये घेतले आणि ते झाळलेलं झाकण मला देऊन टाकलं. मला रडूच यायचं बाकी होतं. इतके दिवस डोक्यावर बसलेले २८ हजार एका हिरव्या थेंबाने उतरवले होते.

६ एप्रिलच्या रविवारी, रामनवमीला, सकाळी सहाला अण्णा घरी आले. नऊनंतर आमच्या पोर्चमध्ये हात लावता येत नाही इतके पाने तापतात, म्हणून एवढी घाई. सुरुवातीला पंपाच्या कव्हरखालचा बोल्ट काढून कूलंट बादलीत काढलं. हे कूलंट गटारात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर नाव लिहून ठेवलं. मग इंजिन ऑइल काढलं.

पंपाचं बाहेरचं कव्हर निघालं की इंपेलर दिसतो. त्याचा बोल्ट उजवं मोठं कव्हर काढण्याआधीच ढिला करून घ्यायचा, ही अण्णांची युक्ती. गाडी वरच्या गियरमध्ये टाकायची, कोणीतरी मागचं चाक घट्ट धरायचं, म्हणजे शाफ्ट फिरत नाही. कव्हर एकदा सुटं झालं की शाफ्ट धरायला जागाच राहत नाही, आणि मग लोक इंपेलरच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवून पाती मोडतात. त्यानंतर ब्रेकचं पायडल, किक, ऑइल फिल्टरचं झाकण आणि शेवटी उजवं कव्हर. कव्हरचे बोल्ट दिसायला सारखे असले तरी लांबीला वेगवेगळे असतात. बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी कव्हरचा आकार काढला आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचला. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ॲल्युमिनियमचे आटे फाटतात.

शाफ्ट हातात आला तेव्हा फडक्याने पुसून अण्णांनी माझ्याकडे दिला. "नख फिरव." जिथे सील टेकतो तिथे नख अडकलं. उजेडात तिरका धरला की चकचकीत शाफ्टवर बारीक खाच गोल फिरलेली स्पष्ट दिसत होती. मला या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही. नुसता सील बदलला असता तर नवा सील त्याच खाचेवर घासला असता आणि थोड्याच दिवसांत पुन्हा गळती. सील मऊ, शाफ्ट पोलादी, तरी खाच पडते, कारण धुळीचे आणि क्षारांचे कण सीलच्या ओठात रुततात आणि पोलाद घासत राहतात. आमच्याकडे बोअरचं पाणी किती जड आहे ते गीझरची कॉइल बघितलेल्या कोणालाही सांगायला नको. आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये काय भरलं असेल याचा अंदाज बांधता येतो.

खाचेवर काय करायचं यावर बराच ऊहापोह झाला. अण्णा म्हणाले, बऱ्याच इंजिनांत सील एखादा मिलिमीटर आत-बाहेर बसवला की ओठ कोऱ्या जागेवर येतो. पण आमच्या कव्हरमध्ये सीलच्या मागे पायरी होती आणि पुढे सरकवला तर भोकाची जागा झाकली जात होती. दुसरा मार्ग एमआयडीसीत लेथवर नवा शाफ्ट करून घ्यायचा. करणारे कारागीर आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण गियर बसण्याचा खाचा, पोलादाला कडकपणा देण्याची प्रक्रिया आणि सीलच्या जागेचं पॉलिश, तिन्ही एका नगासाठी जमवायची म्हणजे आठवडे. मूळ शाफ्टच मागवायचं ठरलं. शाफ्ट ज्यात फिरतो ते बेअरिंग मात्र इथेच मिळालं. त्याच्यावर ६००० हा नंबर कोरलेला होता, म्हणजे आतून १०, बाहेरून २६, जाडी ८ मिलिमीटर. बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगितला आणि १८० रुपयांत चांगल्या कंपनीचं हातात पडलं. गाडीच्या नावाने बेअरिंग मागितलं तर "नाही" म्हणतात, नंबराने मागितलं की मिळतं.

सुटे भाग मागवताना गाडीचं वर्ष अंदाजाने सांगू नका. चासिसचा नंबर घेऊन भागाचा नंबर काढा, कारण एकाच मॉडेलचा शाफ्ट वर्षागणिक बदललेला असतो. पुण्यातल्या एका विक्रेत्याने सहा ते आठ आठवडे सांगितले, म्हणून ७ एप्रिलला परदेशातून थेट मागवलं. शाफ्ट, दोन्ही सील, कव्हरची गॅस्केटं, ओ-रिंग, तांब्याचे वॉशर आणि रेडिएटरचं नवं झाकण, सगळे मिळून ६,४०० रुपये, वर पाठवणावळ २,६००.

१५ एप्रिलला मेसेज आला की पार्सल मुंबईत आहे, कस्टमसाठी केवायसी द्या. आधारची प्रत, पत्त्याचा पुरावा, पैसे भरल्याची पावती आणि कुरिअरला माझ्या वतीने कागद सादर करायचा अधिकार देणारं पत्र, एवढं लागतं. सगळं त्याच दिवशी चढवलं. १७ तारखेला परत आलं. विक्रेत्याच्या बिलावर नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव, आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, त्यामुळे जुळत नाही. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, मग शनिवार-रविवार. मदत क्रमांकावर गाणं वाजत राहायचं. शेवटी साध्या कागदावर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं लिहून, सही करून, विक्रेत्याकडून पूर्ण नावाचं सुधारित बिल मागवून दोन्ही एकत्र चढवलं. २१ ला मान्य झालं. २२ ला ड्युटी आणि कराचे ३,७०० आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क ५५० ऑनलाइन भरले. कर फक्त मालाच्या किमतीवर लागत नाही, त्यात वाहतूक आणि विमाही धरतात, तेव्हा बजेट करताना पाठवणावळीवरचाही कर मोजा. आणि ऑर्डर देतानाच आधारवर आहे तस्संच नाव लिहायला सांगा. माझे ते चार-सहा दिवस वाचले असते तर भावाचा एक रविवार वाचला असता.

या काळात उघडं इंजिन झाकून ठेवणं हेही एक कामच होतं. एप्रिलमधली आमच्याकडची धूळ कुठूनही शिरते. स्वच्छ सुती फडकं, वर प्लास्टिक, वर दोरी. कागद किंवा कापूस कोंबू नका, त्याचे धागे आत राहतात.

पार्सल २५ ला सोलापुरात पोचलं आणि २७ च्या रविवारी पुन्हा पहाटे अण्णा हजर. जुने सील काढायला कव्हर गरम पाण्यात बुडवून ठेवलं. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे जागा सैल होते आणि मागून लाकडी ठोकळ्याने हलके ठोके दिले की सील आणि बेअरिंग निघून येतात. नवे बसवताना सीलच्या बाहेरच्या कड्यावर बरोबर टेकेल असा बॉक्स पान्याचा सॉकेट ठेवून सरळ दाबायचं, ओठावर दाब येऊ द्यायचा नाही. आमच्या गाडीत दोन्ही सीलांची स्प्रिंगवाली बाजू ज्याला अडवायचं त्याच्याकडे होती, कूलंटच्या सीलची कूलंटकडे आणि तेलाच्या सीलची तेलाकडे. जुने काढण्याआधी फोटो काढून ठेवला होता, त्यावरून पडताळलं. ओठांना ग्रीसचं बोट लावलं आणि शाफ्ट फिरवत फिरवत आत घातला. नव्या शाफ्टवर नख फिरवलं, कुठेच अडकलं नाही. किती बरं वाटलं ते लिहून सांगता येत नाही.

जुनं गॅस्केट खरवडायला मात्र सर्वांत जास्त वेळ गेला. इथे घाई करून पात्याने ओरखडे पाडले की तेल गळायला नवीन जागा तयार होते. प्लास्टिकची पट्टी, थोडं थिनर आणि सबुरी. बोल्ट पुठ्ठ्यावरून एकेक करून परत गेले. सहा मिलिमीटरचे हे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, हाताला ते कमीच वाटतं. भावाच्या सायकलवाल्या मित्राकडून छोटा टॉर्क पाना आणला होता. पाना नसेल तर तेवढ्यासाठी उसना आणा, लांब दांड्याच्या पान्याने अंदाजाने आवळू नका.

कूलंट घेताना बाटलीवर सिलिकेट नसलेलं, ॲल्युमिनियम इंजिनसाठी चालणारं असं लिहिलेलं बघून घेतलं, लिटरला ४५० रुपये. सिलिकेटचे कण या छोट्या पंपांच्या सीलला घासतात. निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानातून, १२० ला पाच लिटरचा कॅन. भरताना गाडी डावीकडे-उजवीकडे कलती करून नळ्या दाबत राहिलो, म्हणजे दोन्ही रेडिएटरमधली हवा वर येते. नवं तेल ९०० चं, फिल्टर ३५० चा.

गाडी चालू करण्याआधी चाचांचं झाकण लावून दाब भरला. एकवर काटा ठेवून आम्ही चहा-पोहे केले, अण्णांनी शेंगाचटणी मागून घेतली. अर्ध्या तासाने काटा जागचा हललेला नव्हता. भोक कोरडं. मग गाडी काही मिनिटं चालवली, गार होऊ दिली, झाकण उघडून खाली गेलेलं कूलंट पुन्हा भरलं. अण्णा पैसे घेत नव्हते. वडिलांनी बळेच १,५०० त्यांच्या खिशात घातले.

१ मेला पहाटे माळरानावर नेली. भावाने आधी सावकाश, मग नेहमीसारखी चालवली. प्रत्येक फेरीनंतर मी भोकाखाली बोट फिरवत होते. घरी येऊन गार झाल्यावर पातळी बघितली, होती तेवढीच. तेलाची काच स्वच्छ. छोट्या हत्तीचं भाडं धरून सगळा खर्च १९ हजारांच्या थोडा वर गेला, त्यातला तेरा हजारांहून जास्त फक्त मागवलेल्या भागांचा आणि त्यांच्या कराचा. हेड उघडलं असतं तर २८ हजार गेले असते आणि पंपाचा सील तसाच गळत राहिला असता.

आता जूनचा दुसरा आठवडा आहे आणि गळती नाही. जुनं कूलंट अण्णांच्या मुलाच्या गॅरेजमध्ये वापरलेल्या कूलंटच्या पिंपात दिलं, तेलाच्या पिंपात मिसळलं नाही. जुना शाफ्ट मी ठेवून घेतलाय. ज्यांना खाच कशी लागते ते बोटाने बघायचं असेल त्यांनी सोलापुरात सैफुलला आमच्याकडे यावं, आणि त्या मापाचं दाबाचं झाकण हवं असेल तर तेही घेऊन जावं. दोनच अटी आहेत, काटा एकच्या पुढे न्यायचा नाही आणि झाकण परत आणून द्यायचं.